हरकत नसलेले हात

सोसायटीच्या सभेत वर गेलेले हात खाली आले नाहीत.

"पार्किंगच्या जागेतलं झाड काढायला ज्यांची हरकत नाही, त्यांनी हात वर करा," अध्यक्ष गावंडे म्हणाले होते. सभेनंतर पावभाजी होती, म्हणून घराघरांतून सगळेच आले होते. मुलं तेवढी सुट्टीत मामाकडे गेलेली, ती वाचली. बाकीच्यांनी उत्साहाच्या भरात दोन्ही हात वर केले. विभा खोडके एकटी हात मांडीवर ठेवून बसली. कडुनिंब गेला तर आईच्या खोलीत दुपारचं ऊन येईल, त्याचं काय, असं तिने आधीच विचारलं होतं.

"हवामानच बदललंय मॅडम. त्याला सोसायटी काय करणार? महापालिकेला कळवा," असं म्हणून गावंडेंनी तेव्हाही हात वर केले होते, पण ते बोलण्यातले.

पावभाजी वाढली गेली आणि तशीच गार झाली. विभाने आपली प्लेट सगळ्यांसमोर सावकाश संपवली.

ठराव झालेला होता, त्यामुळे करवतवाला आला आणि झाड गेलं.

आईची खोली तळमजल्यावर, पश्चिमेला होती. अकोल्याचा मे महिना होता. विभा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडून देते, हे तिला माहीत होतं. ही भिंत काहीच सोडत नव्हती, ती साठवत होती. अर्धांगाने पलंगाला खिळलेल्या आईच्या ओठांवर विभा ओला बोळा ठेवायची आणि तो वाळून उशीवर पडायचा. डॉक्टर म्हणाले, "खोली गार करा, नाहीतर यांचं काही खरं नाही."

त्याच दुपारी गावंडेंनी कपाळाने बेल दाबली.

"विभाताई, नाकावर माशी बसलीय. जरा हाकला ना."

"महापालिकेला कळवा."

"थट्टा नका करू हो. नळ सोडता येत नाही, घसा वाळून गेलाय. आमची ही पण तशीच उभी आहे वर."

"पाणी देते ना. बाहेर कडुनिंबाच्या खुंटाजवळ, आईच्या खिडकीसमोर येऊन प्या. सगळ्यांना बोलवा."

"एवढ्या उन्हात?"

"तुम्ही उन्हात, आई सावलीत."

ते आले. तहान सगळ्यांनाच लागलेली होती. विभाने त्यांना दाटीवाटीने उभं केलं, उंच माणसं मागे, बुटकी पुढे, आणि हातांमध्ये फट दिसली की कोपर धरून सारखी केली. खिडकीवर सावली पडली. मग तिने बागेचा पाइप आणून एकेकाच्या तोंडात धरला. गावंडेंची पाळी शेवटी ठेवली आणि त्यांनी आ वासल्यावर नळ बंद केला.

त्यांना परत घरी जाता आलं नाही. पावलं फरशीच्या सांध्यांतून खाली उतरली होती. मानकर काकूंच्या नखांना तांबूस पालवी फुटली. त्या सुनेला ती दाखवायला मान वळवू गेल्या, तर मानही वळेना. हळूहळू खोली गार झाली. आईने बोळ्यातलं पाणी चोखलं.

"खिडकीशी काय आहे गं?" तिने विचारलं.

"झाड, आई."

"झाड खोकतं?"

"नवीन आहे."

"मघाशी पाणी मागत होतं ते. पाज ना त्याला."

"पाजते," विभा म्हणाली आणि खुर्चीवर बसून राहिली. गावंडेंची पानं कडेने पिवळी पडताना तिला तिथून छान दिसत होती.

मग करवतवाला पुन्हा आला. त्याच्या हातात तोच ठराव होता.

"झालंय ते काम," विभा म्हणाली.

"पार्किंगच्या जागेतलं झाड, असं लिहिलंय मॅडम. हे काय, उभंय की जागेत."

"अहो, मी अध्यक्ष आहे!" गावंडे ओरडले. नुसती पानं सळसळली.

करवतवाल्याने गावंडेंच्या पोटावर खडूने रेघ मारली. "हरकत असेल कुणाची तर हात वर करा. नंतर भांडायचं नाही."

"इतके हात वर आहेत, दिसत नाहीत?"

"ते मंजुरीचे. ते मोजून झाले. तुमचं बोला."

विभाने वर पाहिलं. हात वर केला तर तो खाली येणार नव्हता आणि आईला भरवायला कुणी उरणार नव्हतं. नाही केला तर सावली जाणार होती, आणि सावलीबरोबर आई. पण गावंडे पडताना बघायला मिळणार होतं. ते तिच्याकडे बघत होते. आता त्यांच्या तोंडाच्या जागी फक्त ढोली होती. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

"कुणाची नाही ना?" करवतवाल्याने यंत्राची दोरी ओढली.

खिडकीच्या गजांतून आईचा हात बाहेर आला. चमचाही न पेलणारा तो हात वर झाला, पहिल्या मजल्याच्या सज्ज्याला लागला, सज्ज्याला वळसा घालून आणखी वर जात राहिला.