मामाचा हात

"आज बुढा कोपऱ्यात नाही खेळत," योगेंद्र म्हणाला आणि भैयाजीची जर्सी त्याने बाकावर आपटली.

योगेंद्र आमच्या चिखल्याच्या कबड्डी संघाचा कप्तान. वय कोवळं, जीभ मात्र निबर. भैयाजी खाणीत काम करणारा, चाळिशीला टेकलेला. उजव्या कोपऱ्यातून चढाईवाल्याचा घोटा धरावा तर त्यानेच. पण या फायनलमध्ये त्याने आमचं नाक कापलं होतं. तीन सामन्यांची लढत. पहिला आम्ही जिंकलो आणि दुसरा सिहोऱ्याने, तोही या माणसाच्या कृपेने.

सिहोऱ्याचा चढाईवाला प्रितम हा भैयाजीचा सख्खा भाचा, चंद्रकलाबाईचा मुलगा. आमच्याकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो, मग भाचा पाळण्यात का असेना. काल भैयाजीने प्रितमचा घोटा बरोबर धरला, आणि जन्माची सवय, हात उठून थेट कपाळाला गेला! पाय सुटला, पोट्टा रेषेपार. सिहोऱ्याची पोरं विचारत होती, बुढा पकड करून राहिला का पाया पडून राहिला? मी कव्हरला, त्याच्या शेजारीच. तिथेच गाडावासा वाटला मला तो माणूस.

बरं, भाच्याला तरी मामाचा उमाळा होता का? छे! गेल्या वर्षी तो आमच्या संघात खेळायला आला, तेव्हा 'दम कच्चा हाय' म्हणून भैयाजीनेच त्याला परत पाठवला. मग बहिणीने राखीही बंद केली. हा मात्र अजून त्या घराकडे डोळे लावून होता.

भैयाजीने जर्सी उचलली.

"मले कोपरा दे. आज तो सुटला तं उद्यापासून मी मैदानात दिसणार नाही."

"अन् हात पुन्हा कपाळाले गेला तं?"

भैयाजी जर्सी अंगात चढवू लागला. योगेंद्रने शिवी गिळली आणि कोपरा दिला, कारण प्रितमपुढे उभं राहायची बाकी कोणाची टाप नव्हती.

प्रितम पहिल्या चढाईपासून मामालाच डिवचत होता. पाय पुढे करायचा, मागे घ्यायचा, वर दात काढायचा. बायकांच्या बाजूला चंद्रकलाबाई पदर खोचून उभी. गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई त्याचीच आली. त्याने पाय टाकला मात्र, भैयाजी घोट्यावरच पडला. मी कमरेला मिठी मारली. पोट्टा उसळला, आम्हा दोघांना फरपटत रेषेजवळ घेऊन गेला. असला जोर माझ्याही अंगात कधी नव्हता. पण भैयाजीचा हात सुटला नाही. प्रितमचा दम तुटला, शिटी झाली, आम्ही जिंकलो.

आमची पोरं नाचायला लागली. प्रितम जमिनीवर बसूनच होता, गुडघा सोललेला, डोळे लाल. त्याने धुळीने भरलेला पाय मामापुढे ताणला.

"पडा आता पाया, मामा. माय पाहून राहिली."

भैयाजीने वाकून त्या पायाला हात लावला. हात कपाळाकडे निघाला, पण छातीपाशीच थांबला. सगळे बघत होते, योगेंद्रही. मग तो हात खाली गेला आणि भैयाजीने तो हाफपँटला पुसला, दोनदा.

चंद्रकलाबाई वळून गर्दीत निघून गेली. प्रितमचा पाय तसाच पुढे राहिला.