माझ्याविना चार तास

मित्रांनो, मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्यांच्या छातीत मी हवा भरतो. नवा होतो तेव्हा सगळे मला कौतुकाने बघायला यायचे. आता माझं एक चाक कुरकुरतं, आणि सफाईच्या मावशी मला हलवताना "चला आजोबा" म्हणतात. पण एखाद्या रुग्णाला माझी गरज उरली नाही, की मला धन्य वाटतं.

ग्रंथपाल असलेल्या एका काकांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली होती. महिनाभर त्या नळीतून मी त्यांना श्वास दिला. मग रोज थोडा वेळ मला बाजूला सारायचं ठरलं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, पुढे अर्धा तास. त्यांची लेक शेजारी बसून त्यांची छाती निरखायची आणि नकळत स्वतःचाच श्वास रोखून धरायची.

"ताई, श्वास घ्या," सिस्टर माझ्यावर टिचकी मारत म्हणायच्या. "नाहीतर ह्या आजोबांची नळी तुम्हालाच लावावी लागेल."

त्या मंगळवारी काका माझ्याविना चार तास राहिले. सिस्टरनी नळीच्या तोंडावर आवाज फुटण्यासाठी एक छोटी झडप बसवली.

"काका, जन्मभर लोकांना गप्प बसवलंत. आता बोला बघू."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू..."

आवाज खरखरीत होता, पण त्यांचाच होता. सगळे हसले. मग ते लेकीकडे वळले. "तुला एक सांगायचंय."

"उद्या सांगा, बाबा. दमाल. उद्या सहा तास काढायचेत ना?"

त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

बुधवारी सकाळी त्यांचं हृदय थांबलं. मी श्वास देत राहिलो, पण हृदय चालवणं माझ्या हातात नाही.

मित्रांनो, माझी धूळ वेळच्या वेळी पुसा, नळ्या स्वच्छ ठेवा, म्हणजे मी अजून पुष्कळांच्या उपयोगी पडेन. पण ज्याचा आवाज परत आलाय, त्याचं बोलणं उद्यावर ढकलू नका.

आठवड्याने लेक काकांचा चष्मा न्यायला आली. पलंगावर नवी चादर होती, मी कोपऱ्यात बंद होतो. ती त्याच स्टुलावर बसली. चष्म्याची काच पदराने पुसत राहिली. मग रिकाम्या उशीकडे वाकून हळूच म्हणाली,

"बोला, बाबा. मी गप्प बसते."