जिना वेगळा धरावा

दोन हजार बारा साल होतं. "तुमची दहा मिनिटं तुमच्यापाशीच ठेवा, वहिनी," धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून ओरडली, "माझ्याकडे जिना आहे!"

भांडण सासूबाईंच्या जेवणावरून होतं. त्या सकाळी खाली थोरलीकडे जेवत आणि संध्याकाळी वर धाकटीकडे. मागच्या खोलीतून यायला त्यांना वेळ लागे, म्हणून थोरली पानं वाढायच्या दहा मिनिटं आधीच त्यांना हाक मारी. मग सगळे एकदम पानावर बसत. तीच दहा मिनिटं तिने संध्याकाळच्या जेवणालाही लावली. सासूबाई जिन्यात धापा टाकत राहिल्या आणि वर वाढलेली पानं निवून गेली.

थोरली उलट बोलायला तोंड उघडणार, तोच थबकली. महिनाभर ऑफिसात अडलेलं गाडं त्या एका शब्दाने सुटलं होतं.

ती मोबाइल कंपनीच्या चाचणी विभागात होती. टॉवर प्रत्येक फोनला बोलण्यासाठी सेकंदाचा इवलासा तुकडा वाटून देतो. लांबच्या फोनचा आवाज पोचायला उशीर होतो, म्हणून त्याने थोडं आधी बोलायचं असतं. किती आधी, ते टॉवरच त्याला सांगतो. याला ऑफिसात 'आगाऊ वेळ' म्हणत. आता नव्या कामात एकच फोन पाळीपाळीने दोन टॉवरशी बोलणार होता, एक पाण्याच्या टाकीवरचा आणि दुसरा खाणीपलीकडचा. फोनला आगाऊ वेळ मात्र एकच दिलेली. टाकीवर आवाज वेळेवर पोचे आणि खाणीपलीकडे दुसऱ्याच कुणाच्या तुकड्यात जाऊन आदळे. कारण कुणाला सापडत नव्हतं.

तिने वही ओढली आणि जुन्या गणिताखाली ठसठशीत लिहिलं, 'जिना वेगळा धरावा.' त्याखाली दोन्ही टॉवरच्या दोन वेगळ्या वेळांची आकडेमोड केली.

साहेबांनी वही 'जरा बघायला' मागून घेतली आणि आठवड्याने परत केली. पुढल्या महिन्यात अहवाल छापून आला. वर एकट्या साहेबांचं नाव.

"साहेब, यात माझं नाव राहिलं का?" तिने दारात उभं राहूनच विचारलं.

"बाई, काम विभागाचं असतं."

"गणित माझं आहे."

"फार आगाऊ आहात हो तुम्ही!" साहेब बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "आगाऊ वेळ मोजता मोजता स्वतःच आगाऊ झालात!"

बाहेर हशा पिकला. त्या दिवसापासून तिचं नाव आगाऊबाई पडलं. चहावालासुद्धा विचारू लागला, "आगाऊबाईंना साखर कमी ना?"

घरी येऊन तिने अहवाल ओळीओळीने वाचला. सगळं गणित तिचंच होतं, तिने खोडलेला एक आकडाही तसाच उतरला होता. पण जिन्यापासून खालचं सगळं गायब. साहेबांना वाटलं असणार, गणित वरच सुटलंय आणि खाली बाईने घरची काहीतरी टिपणं लिहिली आहेत. कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली.

"धाकटे, साहेबांना तुझा जिना दिसलाच नाही गं!"

"अगंबाई! मग सांगणार ना त्यांना?"

"कशाला? पडू देत की. तोंड वर करून चालणाऱ्याला मी का म्हणून हात धरून उतरवू?"

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "कुणाला पाडताना आपला पदर त्याच्या हातात नाही ना, एवढं बघून घे."

तिने ते कानाआड केलं. दोन महिने ती शांतपणे कामावर गेली. हाक मारली की ओ दिली, आगाऊबाई म्हटलं तरी.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुख्यालयातून पाहुणे आले. सकाळी अकराला फोन घेतलेली व्हॅन निघाली. पडद्यावर टाकीचा टॉवर हिरवा झाला. खाणीचा लाल झाला आणि लालच राहिला. शिवाय त्या भागातले इतर फोनही तुटू लागले. बाहेर आवारात साहेबांचा ड्रायव्हर आपल्या फोनवर ओरडत होता, "अगं मी बोलतोय, मी! तू कुठं गेलीस?"

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी अहवाल चाळला. "दुसऱ्या टॉवरची वेळ कुठे धरली आहे तुम्ही?"

साहेबांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. मग मान वळवून हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या वहीत खाली काहीतरी होतं ना? ते... जिना की काय?"

वही तिच्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर. साहेबांच्या कॉलरला घामाची ओल चढताना ती डोळे भरून पाहत होती.

"मी मध्ये बोलले तर आगाऊपणा होईल, साहेब."

ती म्हणाली ते अगदी नम्रपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. या वेळी कुणी हसलं नाही. पाहुण्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, क्षणभर वाटही पाहिली, आणि अहवाल मिटला.

परतीच्या बसमध्ये तिच्या लक्षात आलं. त्या बाईंपुढे वही उघडली असती, तर साहेब पडले असतेच आणि गणिताला तिचं नावही लागलं असतं. पण बोलायची वेळ टळून गेली होती. पंधरा दिवसांनी मुख्यालयाचं पत्र आलं, 'दोन टॉवरची कल्पना व्यवहारात चालणारी नाही. काम बंद करावं.'

साहेबांची बढती हुकली. त्यांना गोदामावर धाडलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी आठवणीने पाठवली. ती गेली नाही, आणि त्याची रुखरुख तिला आजही नाही. सासूबाई पुढच्या वर्षी वारल्या. चार वर्षांनी दुसऱ्याच एका कंपनीने प्रत्येक टॉवरला वेगळी वेळ देऊन तेच काम चालवून दाखवलं. मासिकात पाच जणांचा फोटो आला. तो तिने धाकटीला दाखवला. धाकटी म्हणाली, "माझा जिना कुठाय यात?" तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही.

आता थोरलीचे गुडघे गेले आहेत. दोन्ही वेळचं जेवण वरच असतं. धाकटी पानं वाढायच्या कितीतरी आधी कठड्यावरून वाकते.

"निघा, वहिनी."

थोरली लगेच उठते, भिंतीला हात लावते आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवते. वर ताटं अजून पालथीच असतात.