कोपीतला फोन

उदयसिंग मुकादमानं आपला फोन मंजूच्या हातात ठेवला आणि बाजेवर मांडी घातली.

"वाच बाई. माहा चष्मा गाडीत राह्यला."

मंजूनं स्क्रीनकडे पाहिलं. वर उसानं भरलेल्या ट्रकचा फोटो होता. खाली मथळा होता, 'बैलाच्या गळ्यात घंटी, माणसाच्या खिशात लोकेशन'. फोटो तिनंच काढलेला. मथळा तिनंच, तव्यावरची भाकर करपू देऊन, अंगठ्यानं टाईप केलेला. लिहिणारीच्या नावाच्या जागी 'तांड्यावरची' एवढंच होतं. ती तांड्यावरची आत्ता मुकादमाच्या पुढ्यात जमिनीवर बसली होती आणि तिच्या बाजूला, साडीच्या झोळीत, महिना न भरलेलं पोर झोपलं होतं.

"कायचं हाय हे, दादा?"

आवाज नेहमीसारखा निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मले मालूम असतं तर शेलूबाजारहून गाडीचं डिझेल जाळत तुह्याकडे कायले आलो असतो? ग्रुपवर दहा जनांनी धाडलं. वाचलं एकानंबी नाही. एवढं लांबलचक कोन वाचते आता? फोटो पाह्यला, मुकादम लिहेल पाह्यलं, ढकललं पुढं. अशी जमात हाय आपली."

ओसरीवर तिची सासू सुंदरबाई तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

दिवाळी झाली तसा अर्धा तांडा ऊस तोडायला गेला. मंजूचे दिवस भरत आलेले, म्हणून ती राहिली. नवरा बादल एकटाच गेला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाला अर्धं म्हणणारं काम. रिकाम्या तांड्यात मंजूनं फोनवर ब्लॉग काढला. ज्या घरात एकच फोन, तिथं तो कोणाच्या उशाशी झोपतो, हे तिनं पहिल्यांदा लिहिलं. मग रोज पहाटे ग्रुपवर गुलाबाची फुलं धाडणाऱ्या आणि शेजारणीला हापशीवर पाणी भरू न देणाऱ्या बायांना झोडपलं. पाच-सहा जणांनी वाचलं. मग तिनं हे लिहिलं. उदयसिंगनं टोळीतल्या प्रत्येकाला ग्रुपवर लोकेशन चालू ठेवायला लावलं होतं. रात्रंदिवस. कोण कुठं आहे, ते हा शेलूबाजारच्या घरात पंख्याखाली बसून नकाशावर बघायचा. माणसाचा ठिपका करून ठेवला होता यानं. हे लिहिण्यात तिची काही चूक नव्हती आणि आजही ती ते पुसणार नव्हती.

चूक पुढं होती. मुकादमाला टोळी कशी फसवते, तेही तिनं लिहून टाकलं होतं. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, फोन उशाखाली ठेवायचा. माणूस जातो दवाखान्यात, बाजारात, कुठंही. ठिपका कोपीतच झोपलेला. हे लिहायची काही गरज नव्हती. लोकांनी शाबास म्हणावं, एवढ्यासाठी लिहिलं. लोक म्हणाले. भारी ताई, जबरदस्त ताई. तीन दिवस ती त्या शब्दांवर तरंगत होती.

आणि कालपासून बादलचा फोन कोपीत उशाखाली होता.

आज दुपारी मालेगावच्या स्टँडवरून कोणा परक्याचा फोन मागून तो बोलला होता. "उतरलो. किन्हीराजापर्यंत जीप भेटते, तेथून पायी. दिवस बुडायच्या आत येतो. पोट्ट्याचं तोंड पाह्यतो अन् पहाटेच निंगतो." सुटी त्यानं रीतसर मागितली होती. मुकादम म्हणाला होता, "पोट्टं काय पळून जाऊन राह्यलं? कारखाना बंद झाला का मंग त्याचं तोंड पाय."

न विचारता आलेल्या माणसाचं काय होतं, ते तांड्याला माहीत होतं. मागल्या साली हरिसिंग आला, तर चौघांनी जेवत्या ताटावरून उचलून त्याला जीपमध्ये घातला. पुढं ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. हात जोडून माफी मागत होता. एकच हात नीट वर येत होता.

दिवस टेकडीला टेकायला आला होता. तांड्याला रस्ता एकच.

मंजू वाचू लागली. घंटी आणि लोकेशन वाचलं. 'मुकादम आम्हाला माणूस म्हणत नाही, नग म्हणतो,' हे वाचलं. वाचताना स्वतःच्याच शब्दांची धार तिच्या जिभेला लागत होती. उदयसिंग मिशीतल्या मिशीत हसत होता.

"लिहिते मात्र झकास. पुढं?"

पुढं तो परिच्छेद होता. मंजूनं अंगठ्यानं स्क्रीन थोडी जास्त सरकवली आणि शेवटचं वाचलं. "'घंटीवाला बैल निदान गोठ्यात तरी सावलीला बसतो. आमच्या माणसाला तेवढीही सोय नाही.' झालं. एवढंच हाय."

"एवढंच?"

"एवढंच, दादा."

उदयसिंगनं हात पुढे केला. तिनं फोन दिला. त्यानं चष्म्याशिवाय, एका बोटानं, न चुकता कुठंतरी दाबलं आणि फोन बाजेच्या कडेला उभा करून ठेवला.

फोन बोलू लागला. बाईचा आवाज होता, पण कोण्या बाईचा नव्हता. सुख नाही, दुःख नाही, कुठं थांबायचं ते माहीत नाही. तो आवाज मंजूचं लेखन वाचत होता. "पण टोळीही काही कमी नाही कोपीत फोन उशाखाली ठेवायचा माणूस मोकळा मुकादम नकाशावर ठिपका बघतो आणि ठिपका घोरत पडलेला."

अंगणात तिचे शब्द एकेक करून पडत होते. मंजूनं ते हसत हसत लिहिले होते. या आवाजात त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ही तर जबानी होती, पोलिसापुढं दिल्यासारखी.

उदयसिंगनं फोन बंद केला.

"आता मोबाइलच वाचून दाखवते मोठ्यानं. शेलूबाजारपासून आयकत आलो. दोनदा आयकलं." तो सुंदरबाईकडे वळला. "काकी, आपल्या तांड्यात बारावी झालेल्या सुना किती हायेत व?"

"मले काय मालूम बापा. मले मोजता येते काय?" सुंदरबाई म्हणाली. सूप आता थांबलं होतं. "आधी चाय तं घे. गार होऊन राह्यला."

"चाय घेतो. पन हिनं तेवढाच तुकडा काहून गिळला, ते सांग." तो मंजूकडे न बघता बोलत होता. "मी कोन लिहिते ते इचारायले आलो नाही बाई. तुह्या माहेरचं अन् माहं गोत एकच. लिहिलं तं लिहिलं. सकाळपासून तुह्या नवऱ्याचा ठिपका कोपीत हाय, अन् बाकीची टोळी फडात. म्हनून आलो. आत कोनी हाय का?"

"आत कोन राह्यते? पाय ना जाऊन," सुंदरबाई म्हणाली. "खाट हाय अन् कोंबडी हाय. कोंबडीचंबी लोकेशन घेजो."

उदयसिंग हसला, पण उठून दारात जाऊन आलाच. मग पुन्हा बसला, नकाशा उघडला आणि फोन मंजूच्या तोंडापुढं धरला.

"हे पाय. तुह्याच डोळ्यानं पाय."

मंजूनं पाहिलं. हिरव्या चौकोनांत निळे ठिपके सांडले होते. एकाखाली लिहिलं होतं, बादल. पण तो कोपीत नव्हता. ओढ्याच्या पलीकडे, उसाच्या फडात होता, आणि ती बघत असताना जागचा हलला. थोडा रस्त्याकडे सरकला, थांबला, पुन्हा आत गेला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकपर्यंत जाणारा आणि रिकामा परतणारा माणूस चालतो, तसा.

उदयसिंगनं फोन आपल्याकडे वळवला.

"चालून राह्यला ना," तो म्हणाला. "सकाळी तं नव्हता."

"सकाळी जीव बरा नसन," सुंदरबाई म्हणाली. "मानूस हाय. यंत्र हाय का?"

मंजूला मात्र दुसरंच दिसलं होतं. बादलच्या ठिपक्याखाली आणखी एक ठिपका दडलेला होता. त्याचं नाव अर्धंच वर डोकावत होतं, किशन, बादलचा थोरला चुलतभाऊ. दोन्ही ठिपके एकदम सरकत होते, एकदम थांबत होते. ग्रुपवर हे फिरलं ते फडातही पोचलं असणार. युक्ती फुटली म्हटल्यावर किशननं बादलचा फोन उशाखालून काढला असणार आणि आपल्या दुसऱ्या खिशात घातला असणार. तिनं केलेली घाण तो डोक्यावर मोळी घेऊन निस्तरत होता.

"लावतोच फोन," उदयसिंग म्हणाला. त्यानं नाव दाबलं आणि आवाज मोठा केला.

घंटी वाजत राहिली. सुंदरबाईनं सूप खाली ठेवलं. झोळीतलं पोर कुंथलं आणि गप्प झालं. मंजूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्ता पाहिला. अजून रिकामा होता.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. मागं ट्रॅक्टर घुरघुरत होता, कोणीतरी शिव्या देत होतं.

"कोन, बादल काय?"

"हाव मुकादम. बादलच. मोळी बांधून राह्यलो. मंग बोलू का?"

"मंग कायले? तुह्याच अंगनात बसून हाव. घे, घरचे बोलते." आणि त्यानं फोन मंजूच्या पुढं केला.

तो आवाज बादलचा नव्हता. चुलतभावांचे आवाज सारखे असतात. ट्रॅक्टरच्या आवाजात मुकादमाला फरक कळला नसेल. मंजूला पहिल्याच शब्दाला कळला. किशन तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर होता. लग्नाला तीन वर्षं होत आली, एवढ्या दिवसांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती, आणि त्यानं तिचं नाव कधी उच्चारलेलं नव्हतं. तो अंगणात आला की तोंडावरून पदर ओढून ती आत जायची. पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची, म्हणजे त्यानं उचलावा. सासरा तिच्या लग्नाआधीच वारलेला. त्यामुळं साऱ्या तांड्यात तिला तोंड झाकावं लागे ते या एका माणसापुढं. उदयसिंग माहेरच्या गोतातला, दादा. त्याच्यासमोर ती उघड्या तोंडानं बसली होती.

तिनं फोन घेतला.

पलीकडे क्षणभर नुसता ट्रॅक्टर होता. मग जेठ म्हणाला, "मंजू?"

नाव त्याच्या तोंडातून जड निघालं. शिवू नये त्या वस्तूला हात लावल्यासारखं.

"हाव," ती म्हणाली.

"पोट्टं बरं हाय?"

"बरं हाय. झोपून हाय."

मुकादम समोर बसलेला. नवऱ्याशी बायको काय बोलते, ते मंजूला आठवेना. तिला वाटलं आता फोन ठेवावा, मग वाटलं इतक्या लवकर कोणती बायको ठेवते.

"जेवले काय?" तिनं विचारलं.

"जेवलो."

"थंडी पडते रातीची. कानाले बांधत जा."

"हाव," किशन म्हणाला. मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तू काळजी नको करू. सगळं बराबर हाय इकडं."

फोन बंद झाला. बोट कोणाचं लागलं, ते तिला कळलं नाही. निभावलं, एवढंच कळलं. जिभेनं दगा दिला नव्हता. आवाज कापला नव्हता. फोन परत द्यायला तिनं हात लांब केला, पण फोन कोणी घेतला नाही.

तिनं वर पाहिलं, तर समोर उदयसिंगचं तोंड नव्हतं. लाल कापड होतं.

पदर हनुवटीपर्यंत खाली आला होता. कधी ओढला, ते तिला आठवत नव्हतं. 'मंजू' ऐकलं तेव्हा, का त्याच्याही आधी, 'हॅलो' आलं तेव्हा. हात आपलं काम करून मोकळा झाला होता. पदर ती आता वर करू गेली, तर करता येईना. वर केला तरी दिसणार, नाही केला तरी दिसणार.

"लाजते व ते," सुंदरबाई ओसरीवरून म्हणाली. फार लवकर म्हणाली. "तुह्यापुढं नवऱ्यासंगं बोलाले लाजते. पोरगीच हाय अजून."

उदयसिंगही तांड्यातलाच होता. त्याच्या घरीही दोन सुना होत्या.

पदराखालून मंजूला फक्त जमीन दिसत होती. तुरीचा भुसा, झोळीची सावली, बाजेचे दोन पाय आणि मुकादमाच्या चपला. चपला उठल्या. त्या गाडीकडे जातील म्हणून ती बघत राहिली. त्या बाजेच्या पलीकडे गेल्या. मग बाजेचे पाय जमिनीवर घासले, अर्धे फिरले आणि रस्त्याकडे तोंड करून थांबले. बाज करकरली.

"काकी," उदयसिंग म्हणाला, "अजून एक चाय ठेव. मले काही घाई नाही."