मुठीतून बोट सोडवताना

टिक्.

एवढाच आवाज झाला. केस तुटावा इतका बारीक, पण घरातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"परत तार तुटली?" गॅलरीतून बाबांनी विचारलं.

"परत," आई म्हणाल्या. त्यांनी मशीनचं हँडल सोडलं आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासून बघितला, जणू मधे काही अडकलंय. अडकलेलं काही नव्हतंच. मानेतली नस दबली तेव्हापासून त्या दोन बोटांना काही कळेनासं झालं होतं. चहाचा पेला गरम आहे की गार, हेही त्या डाव्या हाताने बघायच्या.

"अगं, राहू दे आता. बाजारात तयार पिकअप मिळतात, आणतो उद्या."

"तयार आणायचे तर गिटारही तयारच आणा की. लाकूड कशाला तासत बसलाय?"

गॅलरीतला रंधा पुन्हा चालू झाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई आणि बाबा म्हणजे सासरे. आमच्या घरी इलेक्ट्रिक गिटारी आणि बेस बनतात. बेस म्हणजे गिटारीचा थोरला भाऊ. मान लांब, तारा जाड आणि आवाज असा, की कानापेक्षा पोटाला आधी कळतो. लाकडाचं सगळं बाबांकडे. ढब्बू झाल्यापासून, ढब्बू म्हणजे आमची लेक, गॅलरी आणि खोलीच्या मधे जाड प्लॅस्टिकचा पडदा आलाय. भुसा पलीकडे, बाळ अलीकडे. गिटार बघून कुणी वा वा केली की बाबा म्हणतात, "लाकूड झाडानं केलंय. मी फक्त नको तेवढं काढून टाकतो."

पण असली गिटार नुसतीच छेडली तर माशी गुणगुणल्यासारखी वाजते. तिला कंठ असतो तो तारांच्या खाली बसवलेल्या पिकअपचा. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. हे वेढे आईंचे. त्यांची उभी हयात एका दुकानात पंख्याच्या मोटरी भरण्यात, म्हणजे त्यांत तांब्याची तार गुंडाळण्यात गेली. पूर्वी कधीतरी बाबांकडे एक मोडक्या मानेची गिटार दुरुस्तीला आली. मान जोडली, पण आवाज निघेना. आईंनी पिकअप उघडून बघितला आणि म्हणाल्या, "इश्श, हे तर पंख्याचंच भावंड!" तिथून हे सुरू झालं. शिलाई मशीनचं धूड काढून टाकलं, चाक आणि हँडल तेवढं ठेवलं. चाकाच्या टोकाला रिकामं रीळ बसवायचं, डाव्या हाताने हँडल फिरवायचं आणि उजव्या हाताच्या चिमटीतून तार सोडत राहायची. जोरात धरली तर तुटते. सैल धरली तर गुंता होतो.

आणि आता ती चिमूटच आंधळी झाली होती.

समोर टेबलावर एक बेस आडवा पडला होता, दाढीवाल्याचा. दाढीवाला म्हणजे एक मोठ्या अंगाचा, लाजाळू वादक. त्याचा आधीचा बेस प्रवासात हरवला. तोही याच घरातला होता. "काकू, तसाच आवाज पाहिजे," एवढंच त्याचं मागणं. नव्या बेसला दोन पिकअप. पुढचा आईंनी बोटं ठीक होती तेव्हाच भरून ठेवलेला. मागच्याची जागा अजून रिकामी, दात पडल्यासारखी.

"हा झाला की बस्स," आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "नाही झाला तरी बस्सच."

मी ढब्बूला खांद्यावर थोपटत होते. आई हे वाक्य अगदी साधेपणाने बोलल्या, भाजी संपली म्हणावं तसं. म्हणूनच मला ते सोसवलं नाही.

"आई, मी बघू?"

"तू?"

"तुम्ही सांगा, मी करते. हिला घ्या तुम्ही."

त्या पदर सावरून उठल्या आणि दोन्ही हात पुढे केले. ढब्बू इकडून तिकडे गेली. झोपेतच तिने ओठ हलवले आणि पुन्हा गाढ झाली.

इथे एक सांगायला हवं. मी डावरी आहे. लहानपणी त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली, लिहायला उजवा हात शिकले, बाकी सगळं डाव्यानेच राहिलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा गॅसचा लायटर ओट्याच्या उजव्या भिंतीला टांगलेला असायचा. मी दर वेळी ओट्यावरून आडवी होऊन तो घ्यायचे. थोड्या दिवसांनी बघते तर डाव्या भिंतीत नवा खिळा आणि लायटर त्याच्यावर.

त्या दिवशी मशीनपुढे बसले आणि उजव्या चिमटीत काही केल्या तार बसेना. एकदा तुटली, दोनदा तुटली. शेवटी स्टूल उचललं, मशीनच्या पलीकडे नेऊन ठेवलं, तारेचं रीळही तिकडे फिरवलं. आता उजवा हात हँडलवर आणि तार डाव्या चिमटीत. आई खिडकीपाशी ढब्बूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळे मिटून नुसता आवाज ऐकत.

"ओढतेयस."

"अजून सैल?"

"सैल नाही. हे बघ, ही झोपली की हिच्या मुठीतून बोट सोडवून घेतेस ना? तेवढंच. तिला कळायला नको आणि तुझं बोट तर निघायला हवं."

ते मला बरोबर कळलं. गेले कित्येक महिने मी दिवसातून कितीदा तरी तेच करत होते.

चाक फिरू लागलं. तार सर्र सर्र जात राहिली. मधेच आईंनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण पुन्हा मिटले. पडद्याआडून बाबांची सावली दोनदा डोकावून गेली. ढब्बू उठायच्या आत रीळ भरलं. भांडणात जिंकल्यासारखी मी घामाघूम झाले होते.

संध्याकाळी बाबांनी पिकअप बसवला, सोल्डर केला, तारा चढवल्या आणि बेस अँप्लिफायरला, म्हणजे अँपला जोडला. आधी पुढचा एकटा, आईंचा. खर्जातला, भरलेला आवाज. मागे नेहमीची ती घूंऽऽ होतीच. आमच्या घरचं वायरिंग जुनं, त्यामुळे वाजवणं थांबलं की घूं तेवढी उरते. मग मागचा एकटा, माझा. जरा धारदार, पण स्वच्छ.

"वा!" बाबा म्हणाले. "सूनबाई, नोकरी पक्की."

मग त्यांनी दोन्ही एकदम लावले.

आवाजाचा जीवच गेला. रिकामा पत्र्याचा डबा दोरीने ओढत न्यावा तसं काहीतरी वाजलं. बाबांनी परत छेडलं. परत डबा.

"उलटा भरलाय," बाबा म्हणाले. "एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. दोघांत मिळून काहीच उरत नाही."

पलीकडे बसले होते ना मी! चाक स्वतःकडून पुढे फिरवलं, म्हणजे आईंच्या बाजूने उलटं. आईंचा शेवटचा बेस आणि त्यात मी हे करून ठेवलं होतं.

"आई, मी सगळं उलगडते. परत भरते."

"काही नको. वायरी उलट्या जोडतो, झालं," बाबांनी सोल्डरची कांडी उचलली.

"थांबा हो," आई म्हणाल्या. "वायरींना हात लावू नका. हिच्या पिकअपखालची चुंबकाची पट्टी काढा आणि पालथी घाला."

"त्यानं काय होणार?"

"घाला तर खरं."

बाबांनी पट्टी काढून पालथी घातली, स्क्रू पिळले, दोन्ही पिकअप लावले आणि सगळ्यात जाड तार छेडली. खोलीतली भांडी शहारली. पूर्ण आवाज, दोघींचा मिळून. तो हळूहळू विरत गेला, विरला, आणि मग पुढे काहीच आलं नाही. घूं नव्हती. बाबांनी अँप बंद तर पडला नाही ना म्हणून वाकून दिवा बघितला. दिवा चालू होता. आतल्या खोलीतून ढब्बूचा श्वास ऐकू येत होता.

"घूं कुठे गेली?" मी हळूच विचारलं.

"माझी घूं एका अंगाने, तुझी दुसऱ्या अंगाने. एकमेकींना भिडल्या की संपल्या. सूर मात्र चुंबकाने जुळवून घेतला. वायरी उलटल्या असत्या तर घूंही परत आली असती. मोटरीत असंच असतं, एक गुंडाळी अशी, शेजारची तशी."

"म्हणजे सासूची कुरकुर आणि सुनेची कुरकुर समोरासमोर बसवली की घरात शांतता," बाबा म्हणाले. "हे मला आधी ठाऊक असतं तर पोराचं लग्न लवकर केलं असतं."

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "आई, मी उलटी बसले ते तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं की."

"मग बोलला का नाही?"

"तुझा हात बसला होता. बसलेला हात उठवू नये." मग म्हणाल्या, "मीही पूर्वी उलटं फिरवून बघितलं होतं. मला तिकडून तार कधी कळलीच नाही."

दुसऱ्या दिवशी दाढीवाला आला. बेस मांडीवर घेऊन बराच वेळ वाजवत बसला, मग वाजवायचं थांबवून तसाच बसला, त्या शांततेत. बाबांना म्हणाला, "काका, तुमच्या हाताला तोड नाही."

"माझ्या हाताला भुसा आहे," बाबा म्हणाले. "हात आत आहेत. त्यांना सांग."

तो खरंच आत आला, आईंपुढे उभा राहिला आणि नुसती मान हलवून गेला. आईंना तेवढं पुष्कळ झालं.

तो गेल्यावर मी मशीनवर कापड घालायला गेले. स्टूल मी आदल्या दिवशी आवरताना परत आईंच्या जागी ठेवलं होतं. आता ते पलीकडे होतं. त्यावर आईंची उशी, तारेचं नवं रीळ डाव्या बाजूला. आई खिडकीपाशी खाली बसल्या होत्या, ढब्बू मांडीवर झोपलेली. तिच्या मुठीत आईंचा उजवा अंगठा होता.

"अगं," त्या खाली न बघता हळूच म्हणाल्या, "धरलाय का तिनं?"

"हो. घट्ट."

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "तू बस. मी ऐकतेय."