न सुटणारी पकड

मी एक जुनी पकड आहे, मित्रांनो. होडीच्या काठावर गळाची काठी उभी धरून ठेवणारी जाडजूड लोखंडी नळी. आता भंगाराच्या डब्यात पडले आहे, पण माझ्या अंगावर एक चीर नाही. तेच तर माझे दुःख आहे.

मला एका प्लंबरने बनवले. त्याचा थोरला भाऊ तळ्यात अरुंद होडीतून मासे धरायचा. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा डावा हात लुळा पडला. उजव्या हातात वल्हे घेतले की काठी धरायला हातच उरेना. घरात बसून तो खंगू लागला, कुणाशी धड बोलेना. धाकट्याला ते बघवेना.

धाकट्याने आधी प्लास्टिकची नळी लावली; ती उन्हाने तडकली. मग लाकडाची केली. ती पाण्याने फुगून फाटली. तेव्हा तो इरेला पेटला. सगळा जन्म पाइपांचे सांधे आवळण्यात गेलेला माणूस तो! सांधा हलला की त्याला आपले नाक कापल्यासारखे वाटे. त्याने होडीच्या काठातून आरपार बोल्ट घालून मला आवळले आणि काठी निसटू नये म्हणून माझ्या तोंडात आडवी खीळ बसवली.

"भावोजी, एवढं घट्ट कशाला?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांना एका हातानं ती खीळ निघेल का?"

"वहिनी, ती काढायची वेळच येणार नाही. माझं काम हलत नाही."

थोरला पुन्हा तळ्यावर जाऊ लागला. घरी येऊन बोलू लागला, धाकट्याची थट्टाही करू लागला. "होडी कुजेल, पण तुझी ही पकड राहील," तो म्हणे. मी फुशारून जाई. खोटे कशाला बोलू?

एका दुपारी वारा सुटला. गळ बुडालेल्या झाडात अडकला आणि वारा होडीला दूर ढकलू लागला. दोरही धाकट्यानेच चांगला जाड आणून दिलेला, तो तुटेना. काठी वाकली, मी तसूभर हलले नाही. मग होडीचा काठच खाली जाऊ लागला. थोरल्याने वल्हे टाकून खीळ ओढली. ती निघेना. मी धरून राहिले आणि होडी उलटली.

दुसऱ्या होडीवाल्यांनी त्याला ओढून काढले. जीव वाचला, पण पाण्याची धास्ती बसली ती बसलीच. धाकट्याने मला उखडून डब्यात टाकले आणि तो वहिनींसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"आता रडत बसू नका," वहिनी म्हणाल्या. "दुसरी करा. आणि या खेपेला ह्यांना शेजारी बसवून करा."

नव्या पकडीला खीळ नाही. बुडाशी मऊ लाकडाची खुंटी आहे; जोराची ओढ बसली की ती मोडते. काठी जाईल, माणूस राहील. थोरला पायरीवर बसून एका हाताने त्यात काठी घालतो, काढतो. सहज निघते.

"दादा, लावू का होडीला?" धाकटा विचारतो.

"उद्या बघू."

रोज हेच उत्तर. होडी तळ्याकाठी पालथी पडून आहे.

मित्रांनो, वस्तू टिकाऊ जरूर करा. पण ज्याच्यासाठी करता, त्याच्या हाताने ती एकदा उघडून बघा. मला बनवताना तेवढे राहून गेले आणि एक माणूस पाण्याला मुकला.