सोमवारचं जेवण

जव्हारात चांगलं खायला कुठे मिळतं, हे मला विचारावं. संस्थान होतं तेव्हा मी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आचारी होतो. विलीनीकरण झालं आणि माझी रवानगी सरकारी बंगल्यावर झाली, तीही तात्पुरती. ठाण्याहून येणारे साहेब खूश झाले तर कायम, नाहीतर हातात नारळ.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर जे साहेब आले ते खाण्याचे शौकीन आणि सोवळ्याओवळ्याचे पक्के. रविवारी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मधू आचारी, तुम्ही कोणाच्या हातचं खाता?"

"माझ्याच, साहेब."

साफ खोटं. सोमवारी मला सुट्टी असे आणि दर सोमवारी मी साखरशेतच्या वाटेवर सखी कातकरणीच्या झोपडीत जेवायचो. शेवळाची भाजी करावी तर तिनंच. रानातली ही भाजी जरा चुकली की घसा खाजून जीव नकोसा होतो. तिच्यात काकडाची आंबट फळं किती आणि केव्हा घालायची, ते सखीनंच मला शिकवलं. तिच्याकडे मातीच्या परळाखेरीज भांडं नव्हतं, आणि मला परळात जेवायची लाज वाटे. म्हणून मुदपाकखान्यातली एक पितळी थाळी मी गुपचूप तिच्याकडे नेऊन ठेवली होती. ती थाळी ती रोज राखेनं घासायची आणि माझ्याखेरीज कोणाला वाढायची नाही.

रात्री साहेबांनी माझी शेवळं बोटं चाटून खाल्ली. "ही पद्धत कुठली?"

"राजवाड्यातली," मी छाती काढून सांगितलं.

सोमवारी सुट्टी रद्द. साहेब म्हणाले, "आज तुमच्या आवडीच्या जागा दाखवा." जीपमधून मी त्यांना बाजारात नेलं, गरम भजी खाऊ घातली, पश्चिमेचा कडा दाखवला. खरी आवडीची जागा अर्थातच गाळली. पण भजी खाताना त्यांना शेवळं आठवली आणि ती उगवतात कुठे ते बघायचा हट्ट त्यांनी धरला. शेवळांचं रान साखरशेतच्या वाटेवरच. सोमवार बाजाराचा दिवस; मी वेळेवर आलो नाही म्हणजे सखी मोळी विकायला जव्हारात गेली असणार, असा माझा हिशेब. बाजार बुडवून ती दर सोमवारी घरी थांबते ती माझ्यासाठी, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

झोपडीपाशी जीप थांबली तशी ती वाढलेली थाळी घेऊनच बाहेर आली.

"मधूदादा, आज उशीर झाला ना? भात निवला. पावन्याला पन बसव."

साहेब थाळीकडे बघत राहिले. कडेला संस्थानचा शिक्का होता. "ही हिच्याकडे कशी?"

माझी नोकरी डोळ्यांपुढून चालली होती. मी म्हणालो, "मुदपाकखान्यात लाकडं टाकायला यायची, साहेब. तेव्हाच उचलली असणार."

"मधूदादा, तूच आनलीस ना?" सखीला वाटलं, मी विसरलोय. ती मला आठवण करून देत होती.

साहेब माझ्याकडे वळले. मी ओरडलो, "मी हिच्या हातचं पाणी तरी पिईन का?"

एवढं पुरलं. साहेबांनी थाळीतला भात तिथेच मातीत ओतायला लावला आणि थाळी जीपमध्ये ठेवली. संध्याकाळी सखी कोठडीत होती आणि माझ्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही झाली होती. चोरी उघडकीला आणल्याबद्दल साहेबांनी माझी पाठही थोपटली. मला आनंद झाला, ते लपवत नाही.

कोठडीतल्या माणसाचं जेवण बंगल्यावरून जायचं. त्या संध्याकाळी ते मीच नेलं. शेवळं अशी केली होती की तिनंही नाव ठेवू नये. पत्रावळ गजांमधून आत सरकवली आणि हळूच म्हणालो, "खा सखे. दोन-चार दिवसांत सोडवतो तुला."

सखी पत्रावळीकडे बघत राहिली. दिवसभराची उपाशी होती ती. मग तिनं पायानं पत्रावळ माझ्याकडे परत लोटली.

"तुझे हातचा मना नको."

हवालदार हसला. अन्न वाया कशाला घालवायचं म्हणून त्यानं पत्रावळ उचलली आणि तिच्या समोरच बसून सगळं संपवलं.

"वा, आचारी," तो म्हणाला, "तुमच्या हाताला काय चव आहे!"